हॉल आणि पावणेचार मिनिटं : कुलगुरू व विद्या परिषदेला खुलं पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नाट्य व नृत्य विभागाच्या सूचनाफलकावर दीड पानी परिपत्रक लागलं. भाषा सौम्य आहे. 'सुसूत्रीकरण' हा शब्द त्यात चारदा येतो. जिन्यात उभं राहून मी ते दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, विशेष काही नाही, दरवर्षी असं काहीतरी येतंच. दुसऱ्या वाचनात ध्यानात आलं, की विभागाची पाटी राहणार आहे, पदवी राहणार आहे, प्रवेशही होणार आहेत. फक्त पाटीमागे जे चालतं ते थांबणार आहे.

ज्यांनी परिपत्रक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगते. पुढच्या सत्रापासून नाट्य आणि नृत्य यांची एकच पदवी. प्रात्यक्षिकाचे तास आठवड्याला बारावरून चारवर. प्रात्यक्षिक परीक्षेच्या जागी लेखी पेपर आणि घरून पाठवायचा व्हिडिओ. तालमीचा हॉल ऑनलाइन परीक्षा केंद्राला कायमचा देणार, आणि त्याबदल्यात मुख्य सभागृह सत्रातून एकदा 'उपलब्धतेनुसार'.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते, म्हणजे कुणी तो शोधत बसायला नको. मी याच विभागात शिकले आणि गेली सात वर्षं इथेच तासिका तत्त्वावर शिकवते. तास कमी झाले की माझे पैसे कमी होणार, हे उघड आहे. पण तेवढंच असतं तर मी अर्ज लिहिला असता आणि बंद पाकिटातून दिला असता. पत्र खुलं आहे, कारण या विषयात नेमकं काय शिकवतात हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि हा निर्णय त्या अज्ञानाच्या जोरावरच झाला आहे असं माझं मत आहे. त्यात थोडा दोष आमचाही. प्रयोग झाला की आम्ही लोकांना टाळ्यांसाठी बोलावतो, तालमीला कधी बोलावत नाही.

मी आले तेव्हा नऊ वर्षं कथक करून आले होते. पहिल्या दिवशी सरांनी बावीस जणांना हॉलमध्ये घेतलं, पादत्राणं बाहेर ठेवायला लावली आणि म्हणाले, "चाला." बस्स. एक तास चाललो. दुसऱ्या दिवशीही चाललो, तिसऱ्या दिवशीही. मला अपमान वाटला. नऊ वर्षं घुंगरू बांधलेल्या मुलीला चालायला शिकवता? चौथ्या दिवशी सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तू समेची वाट बघत चालतेस." मला आधी कळलंच नाही. मग पुढचे कितीतरी दिवस कळत राहिलं. रस्त्याने, जिन्यावरून, कुठेही चालताना माझी पावलं मनातल्या मनात सोळा मात्रा मोजत होती आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचून थांबायची वाट बघत होती. नाटकातली बाई तशी चालत नाही. तिला सम ठाऊक नसते. ते एक वाक्य बोलायला सरांना चार दिवस बघत बसावं लागलं होतं. नव्या वेळापत्रकात हे चार दिवस कुठल्या रकान्यात बसतात, ते मला दाखवावं.

आता तक्रारी.

पहिली तासांची, कारण तिचं गणित करता येतं. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) आठवड्याला एक तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला दोन तास, हा हिशेब विद्यापीठाचाच आहे. आजवर आमचे प्रात्यक्षिकाचे सहा श्रेयांक होते, म्हणून बारा तास. नव्या रचनेत सहाचे सहा श्रेयांक शाबूत आहेत, पण त्यातल्या चारांवर 'सिद्धांत' असा शिक्का मारला आहे. गुणपत्रिकेत काही फरक दिसणार नाही. विद्यार्थी मात्र आठवड्याला बाराऐवजी चार तास हॉलमध्ये असेल, म्हणजे दोनदा दोन दोन तास. दोन तासांतला अर्धा तास शरीर तापवायला लागतो. तो वाचवायचा नसतो, वाचवला की कुणाचा तरी स्नायू धरतो. राहिली नव्वद मिनिटं. वर्गात चोवीस जण. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार मिनिटं.

पावणेचार मिनिटांत एखाद्याचा आवाज घशातून येतोय की पोटातून, हे ऐकता येतं. ते दुरुस्त करता येत नाही.

आम्ही अशा वेळी नेहमी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा दाखला देतो : तिथले तास कापाल का? मला तो दाखला आता पुरेसा वाटत नाही. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर दुसरी आणता येते. आमच्याकडे शिकणारं मूल आणि परीक्षानळी एकच.

दुसरी तक्रार लेखी पेपरची. इथे गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, की मी लेखी परीक्षेच्या विरोधात नाही. उलट आमची कित्येक मुलं 'मी प्रॅक्टिकलवाला' म्हणून पुस्तकाला हात लावत नाहीत, आणि आम्ही शिक्षक ते चालवून घेतो, ही आमची चूक आहे. पेपर कठीण काढा, मी स्वतः तपासीन. पण पेपरने प्रात्यक्षिकाची जागा घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

'नाट्यशास्त्र' हा प्राचीन ग्रंथ लिहिणाऱ्या भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांची व्याख्या लिहा, हा प्रश्न दरवर्षी असतोच. मी आजवर तपासलेल्या उत्तरांतलं सगळ्यात सुंदर उत्तर ज्या मुलाचं होतं, त्याला रंगमंचावर दोन्ही हातांचं काय करायचं ते तीन वर्षं सुचलं नाही. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्याला जे येत होतं त्याचे पूर्ण गुण मी दिले. पण ते गुण 'अभिनय' या शब्दासमोर छापून येणार असतील, तर ती गुणपत्रिका खोटी आहे.

याहून मोठं उदाहरण नृत्याचं आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणं सांगितली आहेत. करण म्हणजे हात, पाय आणि देह यांची एकत्र हालचाल, नाचातलं एक एकक म्हणा. प्रत्येकाचं नाव आहे, लक्षण सांगणारा श्लोक आहे. चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांत ती दगडात कोरलेली आहेत, काही गोपुरांत शेजारी श्लोकही आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ८१ कोरून झाली आणि पुढचे दगड तसेच कोरे राहिले. म्हणजे आपल्याकडे मजकूर आहे, चित्र आहे, आणि दोन्ही एकमेकांना ताडून बघायची सोयही आहे. तरीही एखादं करण नाचायचं कसं, देह त्या स्थितीत कुठून येतो आणि तिथून कुठे जातो, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भरतनाट्यम नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांनी डॉक्टरेटचं संशोधन याच कोड्यावर केलं. श्लोक टिकले, दगड टिकले. एका अंगातून दुसऱ्या अंगात जाणारी शिकवण मधेच तुटली, आणि तुटलं ते ना श्लोकातून पूर्ण परत आलं ना दगडातून. जे शतकांच्या अंतराने व्हायचं ते आपण दोन सत्रांत करू शकतो. त्यासाठी गुरूने शिष्यासमोर उभं राहायची वेळ वेळापत्रकातून काढली की पुरे.

विद्यापीठात हा विषय बसतो का, हा प्रश्नही नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नावाचे प्राध्यापक नाट्यलेखन शिकवत होते. विद्यार्थ्याने लिहिलेलं नाटक कागदावर तपासून कळत नाही, ते उभं करून बघावं लागतं, म्हणून त्यांनी '४७ वर्कशॉप' सुरू केलं. ४७ हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा क्रमांक. तिथे विद्यार्थ्यांची नाटकं नेपथ्यासह होत, आणि लेखी अभिप्राय द्यायचा तो प्रेक्षकांनी. (आमच्याकडे आता उलटं होणार आहे. विद्यार्थी लिहिणार आणि बघायला कुणी नसणार.) अमेरिकन नाटककार युजीन ओनील १९१४-१५ मध्ये याच बेकरांकडे शिकला. हार्वर्डने मात्र या विषयाला पदवी द्यायला नकार दिला. शेवटी १९२५ साली बेकर येलला गेले आणि तिथला नाट्यविभाग उभा राहिला. ओनीलला १९३६ चं नोबेल मिळालं. नोबेलसाठी विभाग चालवा असं माझं म्हणणं नाही. पण 'हे विद्यापीठाचं काम आहे का' असं आपल्यापैकी ज्या सदस्यांनी बैठकीत विचारलं, त्यांनी हार्वर्डने काय गमावलं याचाही विचार करावा.

नृत्याचंही तसंच. अमेरिकेतली पहिली नृत्यपदवी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ साली सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्या मार्गारेट ह'डब्लर या व्यावसायिक नर्तकी नव्हत्या. जीवशास्त्र शिकलेल्या, शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या. वर्गात त्या मानवी सांगाडा ठेवत. सांधा कुठे वळतो आणि कुठे वळत नाही, हे आधी बघा आणि मग स्वतःच्या अंगात शोधा. ही काही करमणूक नव्हे.

तिसरी तक्रार व्हिडिओची, आणि ती मी अनुभवाने करते. करोनाच्या काळात नाइलाज होता, तेव्हा आम्ही व्हिडिओवर परीक्षा घेतली. एका विद्यार्थिनीने कपाट आणि पलंग यांच्यामधल्या फटीत कथक केलं. चक्रदार तुकड्यातले चक्कर तिने जागेपुरतेच घेतले, कारण चौथ्याला कोपर कपाटावर आपटत होतं. खालच्या घरातल्यांना त्रास नको म्हणून पायाखाली दुमडलेली सतरंजी. तत्कार (पायांनी वाजवायचे बोल) दिसत होता, ऐकू येत नव्हता. मी थेट कॉलवर पुन्हा करायला सांगितलं, तर तबला आधी यायचा आणि पाय मागून. तिची लय चुकत होती की नेटची, हे सांगायला माझ्याकडे काहीच साधन नव्हतं. मी तिला गुण दिले. कशाचे दिले, ते मला आजही सांगता येणार नाही. ती नाइलाजाची तडजोड होती. आता हातात हॉल असताना आपण तीच तडजोड नियम म्हणून आणताय.

नाटकाच्या व्हिडिओबद्दल एवढंच, की समोरच्या पात्राने आज वाक्य वेगळं टाकलं तर तू काय करशील, हीच नटाची परीक्षा असते. एकट्याने खोलीत केलेल्या आणि सातव्या टेकला जमलेल्या स्वगतात ती होत नाही.

आता हॉल. हा मुद्दा लांबणार आहे, त्याची माफी आधीच मागते.

आमच्या हॉलची जमीन लाकडी आहे, आणि लाकूड थेट सिमेंटवर नाही. खाली आडव्या पट्ट्या आहेत, पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, मधे हवा. पाय आपटला की जमीन किंचित आत जाते आणि परत येते. हे 'किंचित' डोळ्यांना दिसत नाही. नडगीला दिसतं, गुडघ्याला आणि कमरेला दिसतं. उडी मारून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार सिमेंट परत पायातच पाठवतं. पर्याय म्हणून आपण तळमजल्यावरची वर्गखोली देऊ केली आहे, तिथे सिमेंटवर फरशी आहे. तिथे आठवडाभर रोज तास-दीड तास तत्कार करून बघा. आधी नडगीच्या आतल्या बाजूला ठणका लागतो. तरीही रेटलं तर हाडाला बारीक चीर जाते. नर्तकांच्या दुखापतींत ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तिला औषध म्हणजे काही आठवडे नाच बंद.

नाटकासाठीही हॉल लागतो, पण कारण वेगळं. नेपथ्य तयार होऊन येतं ते अगदी शेवटी. तोवर महिनाभर आम्ही जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून घर आखतो. दोन पट्ट्यांत फट म्हणजे दार. पिवळी पट्टी म्हणजे खिडकी. पहिल्या आठवड्यात कुणीतरी बोलता बोलता सरळ भिंतीतून आरपार निघून जातं आणि सगळा वर्ग ओरडतो, "भिंत!" दुसऱ्या आठवड्यात ओरडावं लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलं नसलेल्या दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहतात, आणि चौकट जिथे येणार आहे हात बरोबर तिथेच असतो. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, तरी दर वेळी थांबून बघते. जमिनीवरच्या खुणा महिनाभर तशाच राहतात म्हणून हे होतं. रोज संध्याकाळी पट्ट्या उचलायच्या आणि सकाळी पुन्हा मोजून लावायच्या म्हटलं तर तालमीचा वेळ मोजपट्टीतच जाईल. आणि नव्या आराखड्यात तर टेबलं जमिनीला बोल्ट मारून बसवली जाणार आहेत.

जागेचं महत्त्व आमच्या मनाचं नाही. नाट्यशास्त्रातली गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. पहिला प्रयोग उघड्यावर झाला. विघ्नं आली आणि त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती तिन्ही गोठवली. मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला बोलावून नाट्यगृह बांधायला सांगितलं. दुसरा अध्याय सगळा त्या बांधकामाचा आहे. रस, भाव, अभिनय, सगळं त्याच्यानंतर. आधी घर, मग नाटक. शिवाय भरत नुसतं 'बांधा' म्हणून थांबत नाही. माणसांसाठी मध्यम आकाराचं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण ९६ बाय ४८ फूट, आणि त्यातला अर्धा भाग रंगमंचाकडचा. याहून मोठं नको, कारण मग संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. आपण आमच्या हॉलच्या बदल्यात सत्रातून एकदा मुख्य सभागृह देताय. पदवीदानासाठी ते उत्तम आहे. मागच्या रांगेतून तिथे व्यासपीठावरचा माणूस डोळे मिटून बसलाय की उघडून, हे कळत नाही. पदवीदानात ते सोयीचंच असतं.

सत्रातून एकदा जागा मिळाली की प्रकाशयोजना शिकवायची कधी, हाही प्रश्न आहे. दिवा टांगताना आधी सुरक्षेची साखळी अडकवायची आणि मग पाना फिरवायचा, हा क्रम हाताला इतका मुरला पाहिजे की घाईतही चुकता कामा नये. मागच्या वर्षी सभागृहात आम्हाला मांडणीला तीन तास मिळाले होते. घाईत एका मुलाने साखळी न लावता दिवा टांगला. दुसऱ्या मुलीने खालून बघून हाक मारली म्हणून निभावलं. तिने ते बघितलं, कारण तिने तो क्रम हॉलमध्ये पन्नास वेळा केला होता. विभागाला तंत्रज्ञ नाही, हे मी दरवर्षीच्या अहवालात लिहिते. अहवाल वाचले जातात की नाही, ते माहीत नाही.

एकत्रीकरणाबद्दल थोडक्यात. नाट्य आणि नृत्य एकाच छपराखाली असावेत, याला माझा विरोध असूच शकत नाही. मी स्वतः त्या दोघांच्या मधल्या दारात वाढले आहे, आणि भरताने तर त्यांना वेगळं काढलंच नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच विद्याशाखेत शिकवले जातात. पण एका छपराखाली दोन चुली असणं वेगळं आणि दोघांत मिळून एकच चूल पेटवणं वेगळं. नर्तकाला रोज रियाज लागतो आणि तो एकट्याने होतो. नटाला प्रवेश बसवायला समोर माणूस लागतो, तो एकट्याने होतच नाही. दोघांना एकच वेळापत्रक लावलं की दोघांचंही अर्धवट होतं, आणि परिपत्रकात शेवटी हळूच लिहिलेलं 'एक अध्यापक दोन्ही घटक शिकवू शकेल' हे वाक्य खरं कारण सांगून जातं. मला दोन्ही थोडं थोडं येतं. म्हणूनच सांगते, मी दोन्ही शिकवू शकणार नाही.

तासिका तत्त्वाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. हजेरीच्या ऑनलाइन अर्जात 'व्याख्यान', 'प्रात्यक्षिक' आणि 'इतर' असे तीन पर्याय आहेत. 'तालीम' नाही. संध्याकाळी सहा ते साडेनऊ, प्रयोगाआधीचे सहा आठवडे, आम्ही जे करतो ते 'इतर'मध्ये भरायचं असतं, आणि 'इतर'ला मानधन नाही.

आणि तो नोकऱ्यांचा तक्ता! विभाग आटोपशीर करण्याचं कारण म्हणून तो जोडला आहे : आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी 'नियुक्त' किती, तर जवळपास कोणी नाही. तक्त्याचा नमुना मी भरलेला आहे, म्हणून सांगते. त्यात 'कंपनीचे नाव' आणि 'वार्षिक पॅकेज' असे दोन रकाने होते. आमचा एक मुलगा वर्षातले पाच महिने व्यावसायिक नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि उरलेले महिने लग्नसमारंभांची. एक मुलगी विशेष मुलांच्या शाळेत नाट्यखेळ घेते. एक जण मालिकांमध्ये वेशभूषा सांभाळतो, एकीचा स्वतःचा नृत्यवर्ग आहे आणि तिच्याकडे शिकलेल्या दोघी पुन्हा आमच्याच विभागात आल्या. यांतल्या कुणालाच कंपनीचं नाव लिहिता आलं नाही. त्यांनी रकाना कोरा सोडला आणि आपण कोऱ्याचा अर्थ शून्य असा घेतला.

परीक्षा केंद्राची गरज खरी आहे, हे मला मान्य आहे. विद्यार्थ्यांना ऑनलाइन परीक्षेसाठी लांब जावं लागतं, आणि सकाळी आठ ते अकरा आमचा हॉल बहुतेक दिवस रिकामा असतो, हेही खरं आहे. त्यामुळे 'हॉल आमचा, पाऊल टाकू नका' असं मी म्हणणार नाही. घडीची टेबलं आणा, पायांना रबर लावा, जमिनीवर जाजम टाका, परीक्षेच्या दिवसांत सकाळी वापरा. आमची मुलं टेबलं लावायला आणि उचलायला येतील, सामान हलवण्यात ती पटाईत आहेत. विरोध परीक्षेला नाही, बोल्टला आहे.

तर मागण्या अशा.

हॉलच्या जमिनीत बोल्ट मारण्याचं काम ताबडतोब थांबवावं. परीक्षा केंद्र घडीच्या टेबलांवर, फक्त सकाळच्या वेळात आणि पूर्वसूचनेने चालवावं.

प्रात्यक्षिकाचे सहा श्रेयांक प्रात्यक्षिकाचेच ठेवावेत, म्हणजे आठवड्याला बारा तास. लेखी पेपर वाढवायचा असेल तर त्याला वेगळे श्रेयांक द्यावेत.

प्रात्यक्षिक परीक्षा परीक्षकांसमोर, हॉलमध्ये आणि साथीदारांसह व्हावी. व्हिडिओ फक्त आजारी किंवा जखमी विद्यार्थ्यासाठी, आणि तोही परीक्षकांच्या संमतीने.

नाट्य आणि नृत्य यांची पदवी एकत्र करायचीच असेल तर पहिल्या वर्षापुरती करावी, दुसऱ्या वर्षापासून दोन स्वतंत्र वेळापत्रकं आणि स्वतंत्र अध्यापक असावेत.

तालमीचे तास मानधनाच्या अर्जात 'तालीम' या नावाने यावेत. विभागाला एक पूर्णवेळ तंत्रज्ञ मिळावा. तोवर विद्यार्थ्यांनी उंचावर दिवे टांगायचे नाहीत असा लेखी आदेश काढावा, मग आमचे प्रयोग ट्यूबलाइटच्या उजेडात झाले तरी चालतील.

आणि विद्या परिषदेने अंतिम निर्णयाआधी तालमीला यावं, प्रयोगाला नव्हे. सध्या तिसऱ्या वर्षाच्या नाटकाची आखणी जमिनीवर झाली आहे, दुसरा आठवडा सुरू आहे. रोज संध्याकाळी सहा वाजता दार उघडं असतं. पादत्राणं बाहेर काढावी लागतात. आत आल्यावर पिवळ्या पट्टीवर पाय देऊ नये, ती खिडकी आहे.

या पत्राचं उत्तर मला स्वतंत्रपणे पाठवलं नाही तरी चालेल. परिपत्रक जिथे लागलं त्याच फलकावर लावावं, म्हणजे विद्यार्थ्यांनाही वाचता येईल.

आपली,
नाट्य व नृत्य विभागाची माजी विद्यार्थिनी
आणि तासिका तत्त्वावरील अध्यापिका